सणाचा सातवा दिवस

“शनिवारी सकाळी दहाला माझा माणूस हातगाडी घेऊन येईल,” होर्मसजी म्हणाले. “वीस हजार चिठ्ठ्या. दोरी ओवायला भोक पाडलेल्या. जमेल ने, रूबेन?”

बाबांनी नमुन्याचा कागद खिडकीच्या उजेडात धरला. लष्कराच्या सामानाच्या खोक्यांना बांधायची चिठ्ठी होती ती. चार ओळींचा मजकूर, बाकी रिकाम्या रेघा. काम सोपं होतं, वेळ मात्र नव्हता.

“आज गुरुवार,” बाबा म्हणाले. “दिवस मावळला की आमच्या वल्हांडण सणाचा सातवा दिवस लागतो. त्या दिवशी काम नाही. शनिवारी तर नाहीच नाही. रविवारी उजाडता सुरू करतो आणि दिवेलागणीच्या आत तुमच्या हातात देतो.”

“रविवारी बोट गेलेली असेल.”

“मग दुसऱ्याला द्या.”

होर्मसजी चांगले गृहस्थ होते. लष्कराची छपाईची कामं ते छोट्या छापखान्यांना वाटून द्यायचे आणि आमच्यावर त्यांचा जीव होता. ते हळू आवाजात म्हणाले, “दुसऱ्याला दिलं तर पुढचं सगळं कामही त्याच्याकडे जाईल, रूबेन. आणि काम गेलं की कागद गेला. मग छापशील कशावर, केळीच्या पानावर?”

“बघू,” बाबा म्हणाले. “उद्या मात्र दार उघडणार नाही.”

चव्वेचाळीस सालचा एप्रिल होता. मी एकवीस वर्षांची होते आणि बाबांच्या छापखान्यात प्रुफं वाचायचे. हा छापखाना माझ्या आजोबांनी काढला. ते रोह्याजवळच्या अष्टमीचे, म्हणून आम्ही अष्टमकर. घरचा तेलाचा घाणा भावाच्या हाती देऊन मुंबईला आले. आम्ही बेने इस्राएल लोक पिढ्यान्‌पिढ्या कोकणातले तेली, शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून गावोगाव ‘शनवार तेली’ म्हणून ओळखले जाणारे. आजोबांनी धंदा बदलला, शनिवार बदलला नाही. बंदराच्या अंगाला, गोदामांच्या मधल्या दाणे गल्लीत त्यांनी एक जागा घेतली आणि तिथे केसांच्या तेलाची, सोड्याच्या बाटल्यांची लेबलं छापायला लागले. लग्नपत्रिका तर असायच्याच. वर्षातून एकदोनदा आमच्या समाजाची प्रार्थनेची पुस्तकं, डावीकडे मराठी आणि उजवीकडे हिब्रू.

लढाई सुरू झाली आणि कागद सरकारच्या ताब्यात गेला. लेबलं बंद, पत्रिका बंद. माझा थोरला भाऊ इनॉक सैन्यात गेला आणि आसामकडे कुठेतरी होता. महिन्या-दीड महिन्यांनी पत्र यायचं, त्यातल्या अर्ध्या ओळींवर काळं फासलेलं. निघताना बोरीबंदरवर तो मला म्हणाला होता, “मिल्का, बाबांचं वय झालं. मी येईपर्यंत छापखाना चालू ठेव. तेवढं कर.” मी हो म्हटलं होतं. सहा माणसांवरून आम्ही दोनावर आलो होतो: कंपोझिटर भिकाजीकाका आणि मशीन चालवणारे इस्माईलभाई.

भिकाजी मुणगेकर मालवणकडचे. बावीस वर्षं आमच्याकडे होते, म्हणजे माझ्या आधीपासून. त्यांना हिब्रूचं एक अक्षर वाचता यायचं नाही, तरी ते उजवीकडून डावीकडे अक्षरांचे खिळे असे जुळवायचे की आमच्या मशिदीत प्रार्थना चालवणारे हज्जान प्रुफं चाळून म्हणायचे, “आमच्या पोरांपेक्षा हा भिकाजी बरा.” मशीद म्हणजे आमचं प्रार्थनेचं घर, आम्ही त्याला मशीदच म्हणतो, नवख्या माणसाचा गोंधळ होतो म्हणून सांगितलं.

होर्मसजी गेले. बाबा हातपाय धुऊन घरी निघाले. “मिल्का, लवकर ये. आईला सणाचं करू लाग.” इस्माईलभाई मशीनला तेल देऊन गेले. मी मागे राहिले.

भिकाजीकाका खिळ्यांची घरं झाकत होते. माझ्या कनवटीला इनॉकची चावी होती. तो गेल्यापासून ती मीच सांभाळत होते. ती मी त्यांच्यापुढे धरली.

“काका, उद्या तुम्ही आणि इस्माईलभाई येऊन एवढं काम उरकून टाका. तुम्हाला थोडाच सण आहे? दार आतून लावून घ्या, म्हणजे गल्लीत कळणार नाही. शनिवारी होर्मसजींचा माणूस येईल त्याला गठ्ठे देऊन टाका. इस्माईलभाईंना तुम्हीच सांगा. रात्री त्यांच्या खोलीवर जाल ना?”

ते माझ्याकडे बघत राहिले. चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली होती, ती त्यांनी कानामागे सारखी केली.

“मालकांक ठाऊक आहे?”

“नाही. नंतर सांगेन मी. काका, हे काम गेलं तर इनॉक येईल तेव्हा इथे कुलूप असेल.”

त्यांनी उरलेलं घर झाकलं. मग हात पुढे केला, चावी घेतली, सदऱ्याच्या आतल्या खिशात टाकली आणि म्हणाले, “बरं, बाय. जावा तुम्ही. आई वाट बघत असतील.”

मी सुटले. खरं सांगते, घरी जाताना मी गाणं गुणगुणत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही मशिदीत गेलो, आलो, जेवलो. आठ दिवस घरात आंबवलेलं काही नाही. बिनखमिराच्या भाकऱ्या, मटणाचा रस्सा, खजुराचा पाक. दुपारी बाबा आडवे झाले. मी खिडकीत बसून मनात हिशेब करत होते: आता पाच हजार झाल्या असतील, आता दहा. ट्रेडल मशीन पायाने मारायची, इस्माईलभाईंचा पाय थकला की काका बसत असतील.

चार वाजून गेले होते. आधी जमीन हलली. मग आवाज आला. तो आवाज कसा होता ते मला आजवर सांगता आलेलं नाही. खिडकीच्या काचा आत आल्या, फळीवरची तांब्यापितळेची भांडी एकदम खाली आली आणि आई ओरडली, “जपानी आले!” मोहल्ल्यात सगळ्यांनाच तसं वाटलं. बाबा उठून खिडकीशी आले. बंदराच्या बाजूला काळाकुट्ट धूर सरळ वर चढत होता. बोटीत कापसाच्या गाठी आणि दारूगोळा होता आणि त्याने पेट घेतला होता, हे आम्हाला पुढे कळलं.

“आपल्या गल्लीच्या बाजूला आहे,” बाबा म्हणाले. मग त्यांनी डोळे मिटले. “देवाची कृपा. आज आत कोणी नाही.”

माझ्या डोळ्यांपुढे फक्त एक कडी होती, आतून लावलेली.

मी अनवाणी जिना उतरले. मागून बाबांच्या हाका ऐकू येत होत्या, पण पाय थांबेनात. रस्त्यावर सगळी माणसं उलट्या दिशेने येत होती. कुणाच्या डोक्यावर ट्रंक, कुणाच्या कडेला मूल, कुणाच्या कपाळातून रक्त. मी बंदराच्या दिशेने धावत होते, तेवढ्यात दुसरा स्फोट झाला. मी पालथी पडले. डोकं वर केलं तर आभाळातून पेटलेला कापूस पडत होता. शांत, तरंगत. जिथे पडेल तिथे आग.

कुणीतरी मला दंडाला धरून उठवलं. बाबा होते. डोक्यावर टोपी नव्हती, धोतराचा सोगा जळून काळा झाला होता.

“कुठे निघालीस? दुकान जळू दे. दुकानासाठी जीव देतेस?”

“बाबा, आत माणसं आहेत.”

“कोण माणसं?”

“भिकाजीकाका. इस्माईलभाई. मी चावी दिली. तुम्हाला न सांगता. मी सांगितलं, आतून कडी लावा.”

बाबांनी माझा दंड सोडला. मला वाटलं, आता मारतील. त्यांनी जन्मात कधी हात उचलला नव्हता, पण तेव्हा मारलं असतं तर बरं वाटलं असतं. ते मला तिथेच टाकून पुढे धावले. साठीचा माणूस, दमेकरी. मी मागून. दाणे गल्लीच्या नाक्यावर शिपायांनी दोर बांधला होता. त्यापलीकडे गल्ली म्हणून ओळखावं असं काही नव्हतं. दोन्ही बाजूंची गोदामं मिळून एकच जाळ झाला होता. बाबा दोराखालून वाकून आत शिरले. दोन शिपायांनी त्यांना धरून मागे ओढलं. ते हात जोडून सांगत होते, “माझी माणसं आहेत आत, माझी दोन माणसं.” त्यातल्या एका शिपायाच्या डोळ्यांत पाणी होतं. तो म्हणाला, “म्हातारबाबा, आत आता कुणाचंच कुणी नाही.”

आम्ही एका बंद दुकानाच्या पायरीवर बसलो. किती वेळ कोण जाणे. बाबांचे ओठ हलत होते. मग ते थांबले आणि नेहमीच्या आवाजात, जसं प्रुफातली चूक विचारावी तसं, त्यांनी विचारलं, “भिकाजीची बायको घरी असेल ना?”

“असेल.”

“चल. डोंगरीला जाऊ. तिला हे परक्याच्या तोंडून कळता कामा नये. मग इस्माईलकडे. त्याला तीन मुली आहेत.”

“मी सांगते, बाबा.”

“तू नको. मी मालक आहे. माझ्या दुकानात झालं.”

“मी पाठवलं, मी सांगणार.”

त्यांनी मान हलवली. हो म्हणाले की नाही, मला कळलं नाही. आम्ही चालू लागलो. एरवी तो वीस मिनिटांचा रस्ता. त्या दिवशी माणसांच्या लोंढ्यातून आम्हाला तास लागला असेल. मी मनात वाक्य जुळवत होते. भागीरथीकाकू, काका गेले. भागीरथीकाकू, माझ्यामुळे. कुठलंच वाक्य पुरं होत नव्हतं. या बाईने मला लहानपणी सोलकढी पाजली होती, गोवर आला तेव्हा आईबरोबर जागली होती.

चाळीचा जिना माणसांनी भरला होता. घरं सोडून आलेली माणसं, बोचकी, रडणारी मुलं. दुसऱ्या मजल्यावर गॅलरीत भागीरथीकाकू चुलीवर मोठं पातेलं ठेवून पेज ढवळत होत्या. मी त्यांच्यापुढे गेले. तोंड उघडलं.

“अगो बाय, पाय बघ तुझे!” त्या म्हणाल्या. “रक्त येतंय. मालक, तुम्ही पण? घरचे बरे आहेत ना सगळे? अहो, ऐकलात काय? कोण आलाय बघा!”

खोलीतून पाण्याची कळशी घेऊन भिकाजीकाका बाहेर आले.

बाबांनी कठड्याला धरलं. मग दोन पावलं पुढे होऊन त्यांनी काकांचे दोन्ही खांदे धरले, मग चेहरा चाचपला, आंधळ्याने चाचपावा तसा. काकांच्या हातातली कळशी हिंदकळून दोघेही भिजले. मी तिथेच खाली बसले.

“इस्माईल?” बाबांनी कसंबसं विचारलं.

“इस्माईल कुर्ल्याक बहिणीकडे गेलाय. काल बोलला होता माका, मालकांचा सण तर मी पण जाऊन येतो म्हणून. का? काय झाला?”

“तू गेला नाहीस?”

आता भिकाजीकाकांना उमगलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग बाबांकडे. कळशी खाली ठेवली आणि मान घालून म्हणाले, “मालक, बायची चूक नाही. चावी मीच मागून घेतली तिच्याकडून. म्हटलं, तेवढं काम हातचं जाऊ नये. पण सकाळपासून अंगात कणकण होती, म्हणून राहिलो.”

“भिकाजी,” बाबा म्हणाले, “आज सणाचा दिवस आहे. आज तरी खोटं बोलू नकोस.”

आणि ते हसायला लागले. हसता हसता रडायला लागले. गॅलरीतली परकी माणसं बघत राहिली.

पुढे काकूंनी माझे पाय धुतले, हळद भरली. तेव्हा मी हळूच विचारलं, “काका, इस्माईलभाईंना तुम्ही सांगितलंच नाही?”

“नाही.”

“जायचंच नव्हतं तर चावी का घेतलीत?”

“नको म्हटलं असतं तर तुम्ही ती थेट इस्माईलच्या हातात दिली असती,” काका म्हणाले. “तो गरीब माणूस. तो गेला असता.”

ते अगदी खरं होतं. तसंच केलं असतं मी.

आग कित्येक दिवस धुमसत होती. पुष्कळ दिवसांनी आम्हाला गल्लीत जाऊ दिलं, तेव्हा मशीनचं वाकडंतिकडं लोखंड उरलं होतं आणि जमिनीवर शिशाचा एक थर, मराठी आणि हिब्रू सगळी अक्षरं एकात एक वितळलेली. आजोबांपासूनचं सगळं गेलं होतं. त्या भागात किती माणसं गेली त्याची नीट मोजदादही झाली नाही.

पण त्याआधीच, सण आणि शनिवार उलटल्यावर लगेच रविवारी, बाबांनी घरी मलिदा केला. आमच्यात संकट टळलं, नवस फिटला की एलियाहू हन्नाबी या संदेष्ट्याच्या नावाने मलिदा करतात: भिजवलेले पोहे, गूळ, ओलं खोबरं, वेलची, वर फळं. आमच्या घरी तर पोचा न पडलेलं भांडंही उरलं नव्हतं. आईने शेजारून परात आणली. माझे चुलते तोंडावरच म्हणाले, “रूबेन, धंद्याची राख झाली आणि तू मलिदा करतोस? लोक हसतील.”

“दुकानाचा मलिदा नाही हा,” बाबा म्हणाले. “भिकाजीचा आणि इस्माईलचा आहे.”

प्रार्थना झाल्यावर पहिली दोन ताटं त्या दोघांपुढे ठेवली. इस्माईलभाईंना तोवर धड काही माहीत नव्हतं. मी उठून सगळ्यांसमोर सांगितलं, काय केलं ते. चुलत्यांची नजर माझ्यावरून हलेना. इस्माईलभाई घासभर मलिदा हातात घेऊन थांबले, मग म्हणाले, “बेटी, तू विचारलं असतंस तर मी गेलो असतो. हां. गेलो असतो.” आणि त्यांनी तो घास तोंडात घातला. आपल्या तीन मुलींसाठी पानात बांधूनही नेला. बाबा मला त्यावरून एक शब्दही बोलले नाहीत, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही.

छापखाना परत उभा राहिला, हे नवलच. होर्मसजींनी एका बंद पडलेल्या छापखान्यातली जुनी ट्रेडल शोधून आणली. ज्या माणसाला बाबांनी नाही म्हटलं होतं, त्यानेच कागदासाठी सरकारी कचेरीचे उंबरे झिजवले. डोंगरीत, काकांच्या चाळीच्या तळमजल्यावर जागा मिळाली. भिकाजीकाकांनी महिनोन्‌महिने दुसरीकडे नोकरी केली आणि सुटीच्या दिवशी येऊन आमचे खिळे लावले. पाटी रंगवायची वेळ आली तेव्हा बाबांनी रंगाऱ्याला सांगितलं, “अष्टमकर आणि मुणगेकर.” काका भांडले, दोन दिवस आले नाहीत. तिसऱ्या दिवशी आले तेव्हा पाटी लागलेली होती. सेहेचाळीस साली इनॉक परतला, तो एका कानाने बहिरा होऊन. त्या बारक्या जागेत उभा राहून त्याने सगळं बघितलं आणि म्हणाला, “चालू ठेवलास की!” त्याला खरं काय ते मी जेवण झाल्यावर सांगितलं.

पुढे बाबा वारले, इनॉक बायकोमुलांना घेऊन इस्राएलला गेला, मी लग्न होऊन ठाण्याला राहिले. छापखाना काकांनी चालवला, मग त्यांच्या जावयाने. मी वरचेवर जायचे. एकदा दुपारची गेले तर काका एकटेच स्टुलावर बसून एक लग्नपत्रिका जुळवत होते. नजर अधू झाली होती, बोटं मात्र तशीच चालत होती. कितीतरी वर्षं जे विचारायचं होतं ते मी त्या दिवशी विचारलं.

“काका, त्या शुक्रवारी बोट उडाली नसती तर?”

ते हसले. “तर शनिवारी होर्मसजींचा माणूस रिकाम्या हाताने गेला असता. काम गेलं असतं, कागद गेला असता. तुम्ही म्हटलं असतं, भिकाजीने घात केला.”

“म्हटलं असतं. तुमची नोकरीही गेली असती.”

“गेली असती.”

“हे सगळं ठाऊक असून तुम्ही घरी बसलात?”

त्यांनी हातातला खिळा डोळ्यांजवळ नेऊन पाहिला, जागेवर बसवला.

“बाय, मालकांनी देवाक शब्द दिलेला, तुम्ही भावाक. दोघांपैकी कुणाचाही शब्द मी कसा मोडायचा? एकाचा तरी मोडणारच होता. मग म्हटलं, खोटा पडायचा तर भिकाजीच पडू दे. काम बुडला तर भिकाजीने बुडवला, तुम्ही शब्द मोडला असा नको.”

मी पदर खोचला, दुसरं स्टूल ओढलं आणि पत्रिकेतली वराकडची नावं त्यांना मोठ्याने वाचून दाखवायला लागले.